खिशातली शेगडी

थंडीत माझी बोटं आधी पांढरी पडतात, मग निळसर होतात, आणि घरात येऊन ऊब मिळाली की लालबुंद होऊन ठणकायला लागतात. याला रेनॉ म्हणतात असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा निदान दुखण्याला नाव तरी मिळालं. बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या थंडीने प्रमाणाबाहेर आवळतात. त्यात मी आकाशनिरीक्षण करते. रात्री उघड्यावर तासन् तास उभं राहायचं, आणि फोकसची चकती केसभर फिरवायची, म्हणजे जाड हातमोजे घालून भागत नाही. कितीतरी हिवाळे मी मध्यरात्रीच्या आत दुर्बीण आवरून घरात आले आहे. आकाश मोकळं असताना आत यावं लागायचं, ते फार लागायचं मनाला.

चार हिवाळ्यांपूर्वी दादाने इंधन भरायचा हँड वॉर्मर आणून दिला. तळहातात मावणारी धातूची चपटी डबी, आत कापूस, वर छोटा बर्नर आणि त्यावर भोकांचं झाकण. ज्योत कुठेच नाही. "पेटलंय का गं?" दादाने विचारलं. मी दोनदा डबी कानाशी नेली, डोळ्यांशी नेली. काहीच कळेना. पाचेक मिनिटांनी डबी हळूहळू तापायला लागली.

त्या बर्नरच्या जाळीत काचतंतूंवर प्लॅटिनमचा अगदी पातळ थर असतो. कापसातून वर येणारी नाफ्थाची, म्हणजे लायटरमध्ये भरतात त्या इंधनाची, वाफ आणि हवेतला ऑक्सिजन त्या प्लॅटिनमवर एकत्र येतात आणि ज्योतीशिवाय जळतात. प्लॅटिनम स्वतः खर्च होत नाही. सुरुवातीला मात्र काडीची किंवा लायटरची ज्योत जाळीजवळ धरून ते तापवावं लागतं, मग पुढे आपल्याच उष्णतेवर ते चालू राहतं. शाळेत मूलद्रव्यांच्या त्रिकांमुळे ओळखीचा झालेला रसायनशास्त्रज्ञ डोबेरायनर आठवतो? त्यानेच १८२३ मध्ये दाखवलं होतं की प्लॅटिनमवर हायड्रोजनचा झोत सोडला की तो आपोआप पेट घेतो. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९२३ मध्ये, जपानमध्ये निइची मातोबा यांनी प्लॅटिनमवर चालणारा खिशातला वॉर्मर तयार केला. जपानीत अशा वस्तूला ‘काइरो’ म्हणतात, म्हणजे उराशी बाळगायची शेगडी. मला तो शब्द इतका आवडला की मी आता घरात शेगडीच म्हणते.

पहिल्या आठवड्यात मी ती सगळ्यात आतल्या खिशात ठेवली, वर स्वेटर, वर जाकीट, चेन गळ्यापर्यंत. अर्ध्या तासात थंड. पुन्हा पेटवली, पुन्हा थंड. बर्नर खराब निघाला म्हणून मी नवा मागवायलाही निघाले होते. तेव्हा सहज ती टेबलावर पेटवून ठेवली, तर सकाळपर्यंत गरम! तिला हवा मिळत नव्हती, एवढंच होतं. आता ती कापडी पिशवीत घालून जाकिटाच्या बाहेरच्या खिशात ठेवते आणि खिशाची चेन दोन बोटं उघडी सोडते.

इंधन भरण्याची घाई करू नये. सोबत मिळालेल्या मापाने, थेंब थेंब मुरू देत. जास्त झालं तर जाळी भिजते, पेटायला त्रास होतो आणि कपड्यांना कच्च्या इंधनाचा वास बसतो. लायटरसाठी मिळतं ते शुद्ध इंधनच वापरावं. गाडीच्या पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इतर द्रव्यांनी प्लॅटिनम निकामी होतं. भरणं घरातच, आजूबाजूला कुठलीही आग नसताना, आणि मुख्य म्हणजे बोटं धड असताना उरकते. बाहेर सुन्न हातांनी ते झाकण उघडायचा प्रयत्न मी एकदाच केला.

माझ्या डबीला दहा मिलिलिटर पुरतं, ते दहाएक तास चालतं. हिशेब केला तर ही उष्णता आठ-साडेआठ वॅटच्या आसपास येते. एवढ्याशा उबेने पांढरी बोटं पुन्हा गुलाबी होताना पाहिली आहेत मी.

आणखी एक गोष्ट मला दुर्बिणीने शिकवली. नेत्रभिंगावर दव धरलं होतं म्हणून मी शेगडी त्याच्या खाली धरली, तर भिंग आणखीच धूसर झालं. इंधन जळताना पाणी तयार होतं. दहा मिलिलिटर नाफ्था जळलं की जवळपास तेवढंच पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडतं. पिशवी सकाळी दमट लागायची ती याचमुळे. तेव्हापासून भिंगाजवळ मी ती नेत नाही. पण पेटली आहे की नाही हे पाहायला थंड चष्मा भोकांवर क्षणभर धरते. धुकं आलं की समजायचं, चालू आहे.

माझ्यासारखी बोटं असणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. शेगडी उघडी, थेट कातडीला लावून ठेवू नका. ४४ अंशांच्या आसपासची ऊबही तासन् तास एकाच जागी राहिली तर भाजतं, आणि सुन्न बोटांना ते कळत नाही. माझ्या मांडीवर रुपयाएवढा डाग अजून आहे. आणि ती घेऊन बंद तंबूत किंवा स्लीपिंग बॅगमध्ये झोपू नका. ती ऑक्सिजन खाते, जळणं अपुरं झालं तर कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो, आणि त्याला वास नसतो.

गेल्या डिसेंबरात मिथुन राशीतल्या उल्कावर्षावाच्या रात्री मी पहाटे चारपर्यंत बाहेर होते. दर वीस मिनिटांनी हात बदलत होते, डावा खिशात, उजवा चकतीवर. सव्वातीनला एक उल्का मृगाच्या खालून सरळ क्षितिजापर्यंत गेली. वेळ टिपून ठेवायला मी हातमोजा काढला आणि पेन्सिल धरली. अक्षर नेहमीसारखं आलं.