ब्रश कटरच्या पेट्रोलमध्ये अंदाजपंचे ऑइल नको

पावसाळा लागला की इंदूरच्या आसपास, राऊ-महूकडे, बांधावर आणि रिकाम्या प्लॉटवर गाजरघास बघता बघता कंबरेला लागते. कोपऱ्यात पडलेले गवत कापायचे ब्रश कटर मग बाहेर निघतात आणि थोड्याच दिवसांत 'मशीन जाम झाली' म्हणून मिस्त्रीकडे जातात. यातल्या बऱ्याच मशीनचं दुखणं पेट्रोल-ऑइलच्या मिश्रणाच्या कॅनमध्ये असतं.

टू-स्ट्रोक इंजिनाच्या ब्रश कटरमध्ये ऑइलची वेगळी टाकी नसते. क्रँकचं बेअरिंग, पिस्टन, रिंग या सगळ्यांना पेट्रोलबरोबर येईल तेवढंच ऑइल मिळतं. म्हणून प्रमाण मशीनच्या पुस्तिकेत असेल तेच धरा. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, ४०:१ म्हणजे २५ मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. बाटलीच्या झाकणाने मोजू नका, मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणा. ऑइल टू-टीच, म्हणजे टू-स्ट्रोकसाठीचंच हवं, डब्यावर 'जासो एफडी' (JASO FD, जपानी दर्जाची खूण) लिहिलेलं असेल तर उत्तम. मोटरसायकलचं २०डब्ल्यू-४० अजिबात नको: ते जळायला बनवलेलंच नाही, त्याची राख प्लगवर आणि एक्झॉस्टच्या तोंडाशी साचते.

कॅनमध्ये आधी निम्मं पेट्रोल, मग सगळं ऑइल, झाकण लावून हलवा, मग उरलेलं पेट्रोल घालून पुन्हा हलवा. टाकीत ओतताना दर वेळी एकदा हलवायचंच. मिश्रणाला निळसर-हिरवट रंग आला म्हणजे ऑइल पडलंय एवढंच कळतं, किती पडलंय ते नाही. 'थोडं जास्त घातलं तर काय बिघडतं' हेही खरं नाही. प्लग काळा-ओला होतो, सायलेन्सरची जाळी कार्बनने बुजते, आणि ऑइलने जागा घेतल्यामुळे तेवढं पेट्रोल कमी जातं.

खरी मेख आता ई२० पेट्रोलची, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत अर्धा रिकामा, सैल झाकणाचा कॅन पडून राहिला आणि त्यात पुरेसं पाणी गेलं, की पाणी आणि इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. टाकीतला फिल्टर असतो नेमका तळाशी, म्हणजे इंजिन आधी तो बिनऑइलचा थर ओढतं. मग पिस्टनवर उभे ओरखडे, बहुधा एक्झॉस्टच्या बाजूला. शंका आली तर थोडं मिश्रण काचेच्या बाटलीत घेऊन उजेडात धरा. गढूळ दिसलं किंवा खाली थर दिसला तर ते वापरू नका. पंधरा दिवसांत संपेल एवढंच बनवणं सगळ्यात स्वस्त पडतं.

इथेनॉलने रबरही लवकर कडक होतं. प्राइमरच्या (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ओढायला दाबतो त्या) फुग्याला चीर गेली, पाइप ताठ झाला की तिथून हवा शिरते. रेस सोडल्यावरही इंजिन चढून ओरडत राहिलं तर लगेच बंद करा. कार्बोरेटरच्या स्क्रूला हात लावण्याआधी पाइप आणि सील तपासा.

थंड मशीनला प्राइमर पाच-सहा वेळा दाबा, चोक लावा, दोरी ओढा. पहिला 'फट' आवाज आला की चोक काढायचा. इथे लोक तसेच ओढत राहतात आणि प्लग ओला होतो. तसं झालं तर प्लग काढून पुसा, भोकावर फडकं धरून दोरी चार-पाचदा ओढा, मग प्लग बसवा. पेट्रोल भरताना इंजिन गार झालेलं हवं, आणि जिथे भरलं तिथून तीनेक मीटर लांब जाऊन सुरू करा. पंपावर कॅन डिकीवर न ठेवता जमिनीवर ठेवून भरा. साठणाऱ्या विजेची ठिणगी तेवढी टळते.

हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. नाहीतर आत राहिलेलं पेट्रोल उडून जातं, मागे चिकट ऑइल कार्बोरेटरच्या बारीक भोकांत बसतं. पुढल्या जूनमध्ये चोक लावल्यावरच चालणारी मशीन बहुतेक त्यामुळेच तशी झालेली असते, आणि तिला कार्बोरेटर खोलून साफ करण्यावाचून इलाज नाही.