‘अपडेट तुम्हीच केलंत ना, मॅडम?’

वॉरंटीतल्या फोनची बॅटरी बदलून घेणं हे खरं तर तासाभराचं काम. मला त्यापायी कराड–सातारा एसटीचे इतके हेलपाटे पडले की कंडक्टर तिकीट फाडण्याआधी “आजपण साताराच ना?” विचारायला लागला. आता आमच्या पतसंस्थेतल्या दोघींच्या फोनला अपडेटनंतर बंद पडायचा तोच त्रास सुरू झालाय. दोघींना वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून काढते. राग अजून गेलेला नाही, त्यामुळे सर्व्हिस सेंटरबद्दल चार शब्द जास्तच येतील.

फोन मधल्या किमतीचा, अँड्रॉइड. वर्ष पुरं व्हायला थोडे महिने बाकी होते. पावसाळ्याच्या तोंडावर अपडेट आलं, तेही अख्खं व्हर्जन बदलणारं. रात्री टाकून झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन गरम, आणि एरवी रात्रीपर्यंत पुरणारी बॅटरी दुपारच्या डब्याच्या वेळेला आडवी. पिग्मी एजंटांच्या वसुलीचा हिशेब माझ्याकडे असतो, ओटीपी याच फोनवर येतात. म्हणजे फोन बंद तर मीही बंद.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, “मावशी, दोन-चार दिवस कळ काढ.” त्याचं बरोबर होतं. मोठ्या अपडेटनंतर फोनला आतल्या आत बरीच कामं उरकायची असतात. एकेका ॲपचा कोड नव्या व्हर्जनसाठी पुन्हा तयार करायचा, फोटो-व्हिडिओंची नोंद नव्याने घ्यायची, आपण कुठलं ॲप कधी उघडतो याचा अंदाज पुन्हा बांधायचा. (हा अंदाज बांधून कमी वापरातल्या ॲप्सना आवर घालायची सोय अँड्रॉइडच्या नवव्या व्हर्जनपासून, म्हणजे २०१८ पासून आहे.) यातलं जड काम फोन चार्जरला लावलेला आणि वापरात नसेल तेव्हाच होतं. आपण मात्र दिवसभर दहा-दहा मिनिटं चार्जिंगला लावतो आणि तेवढ्यातही रील बघतो, मग ते रेंगाळतं. दोन-तीन रात्री फोन वायफायवर, चार्जरला लावून खुशाल सोडून द्या. प्ले स्टोअरवरून सगळी ॲप्सही अपडेट करून घ्या. जुनं ॲप नव्या सिस्टीमशी जुळलं नाही तर तेच बॅटरी खात बसतं.

एवढं केल्यावर फोनचा ताप उतरला, बॅटरीही बरी टिकायला लागली. हा भाग इथेच संपला असता.

पण नवंच सुरू झालं. पस्तीस टक्के बॅटरी दिसत असताना फोन फटकन बंद पडायचा. कॅमेरा उघडला, बंद. यूपीआयचा पिन टाकता टाकता बंद. चार्जर लावला की लगेच सुरू, आणि आकडा तोच, तीस-बत्तीस. माझ्या मते इथेच निम्मे लोक गोंधळतात, म्हणून नीट सांगते. चार्ज लवकर उतरणं आणि चार्ज शिल्लक असताना फोन बंद पडणं हे दोन वेगळे आजार आहेत. पहिला बहुतेक वेळा अपडेटचा किंवा एखाद्या ॲपचा. दुसऱ्यात पहिला संशय बॅटरीवर घ्यायचा. शेतावरची मोटर सुरू झाली की घरातले दिवे क्षणभर मंदावतात ना, तसं होतं. कॅमेरा किंवा गेम सुरू झाला की फोन एकदम जास्त वीज ओढतो, बॅटरी आतून कच्ची असली तर तिचा व्होल्टेज त्या क्षणी खाली कोसळतो आणि फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. नवं व्हर्जन जास्त काम काढणारं, म्हणून आधी कसंबसं निभत होतं ते निभेना. बॅटरी मुळात दुबळी होती, अपडेटने तिचं पितळ उघडं पाडलं.

हे मला घरी बसून समजलं. सर्व्हिस सेंटरला समजवायला पावसाळा संपत आला.

कंपनीचं अधिकृत सेंटर, एसी, टोकनचं मशीन, सगळं झकपक. टोकन घेऊन बसले. तासाभराने नंबर आला. काउंटरवरच्या मुलाने फोन हातात न घेताच विचारलं, “अपडेट तुम्हीच केलंत ना, मॅडम?”

“म्हणजे? तुमच्याच कंपनीने पाठवलं.”

“हो, पण ओके तुम्ही दाबलं ना.”

यावर काय बोलणार! त्याने कॉम्प्युटरवर तक्रारीच्या प्रकारांची यादी उघडली आणि ‘बॅटरी ड्रेन’ निवडलं. मी म्हटलं, अहो, ड्रेन नाही, बंद पडतो. तर म्हणे, “सिस्टीममध्ये तेवढेच ऑप्शन आहेत.” मग सॉफ्टवेअर पुन्हा टाकायचं ठरलं, सगळा डेटा पुसून. संध्याकाळी फोन परत, जॉबशीटवर (म्हणजे तक्रार आणि दुरुस्तीची नोंद असलेल्या कागदावर) शेरा: ‘बॅटरी ड्रेन, सॉफ्टवेअर री-इन्स्टॉल, ओके’. फोन कराडला पोचायच्या आत उंब्रजला बंद पडला.

पुन्हा गेले. या वेळी त्याने फोनला वायर जोडून चाचणी लावली. पडद्यावर हिरवी टिक. “बॅटरी हेल्थ गुड आहे मॅडम.” फोन टेबलावर नुसता पडलेला असताना घेतलेली ती चाचणी. दुबळं माणूसही खुर्चीत बसल्या बसल्या धडधाकटच दिसतं. जॉबशीटवर पुन्हा ‘ओके’.

पुढच्या खेपेला संशय माझ्यावर. ओलावा गेला असेल, म्हणाला, आणि सिमच्या खाचेत टॉर्च मारून बघू लागला. तिथे एक चिमुकला पांढरा स्टिकर असतो, पाणी लागलं की तो लाल होतो, आणि लाल झाला की वॉरंटी विसरायची. माझा पांढराशुभ्र होता. तो त्याने दोनदा बघितला. सांगायचं म्हणजे, सेंटरला निघण्याआधी घरीच सिमचा ट्रे काढून त्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. पावसाळ्यात तर नक्कीच.

स्टिकरने दगा दिला नाही म्हटल्यावर मदरबोर्ड निघाला. “बोर्ड असू शकतो, पुण्याला पाठवावा लागेल, पंधरा दिवस धरा.” मी विचारलं, बॅटरी बदलून बघायला काय हरकत आहे? तर बॅटरीचा पार्ट मागवायचा असेल तर चाचणी नापास व्हावी लागते, आणि चाचणी तर पास आहे. त्यात त्याने वर एक वाक्य टाकलं: “तसंही अपडेटचा आणि बॅटरीचा काही संबंध नसतो.”

इथे माझा संयम सुटला. भाच्याने सांगितलेली सगळी २०१७ ची गोष्ट मी त्या काउंटरवर उभ्याने ऐकवली. आयफोन ६, ६एस असे फोन थोडी बॅटरी उरलेली असताना अचानक बंद पडायचे. अॅपलने जानेवारी २०१७ मध्ये आयओएस १०.२.१ अपडेटमधून, बॅटरी जुनी झालेल्या फोनांचा वेग गुपचूप कमी करायची सोय टाकली, म्हणजे बॅटरीवर एकदम ताण येणार नाही. लोकांना वाटे फोन म्हातारा झाला. डिसेंबरमध्ये वेगाच्या चाचण्यांचे आकडे बाहेर आले आणि कंपनीला कबूल करावं लागलं, माफी मागावी लागली. ७९ डॉलरची बॅटरी २९ डॉलरला बदलून दिली. पुढे २०२० मध्ये फ्रान्सने अडीच कोटी युरोंचा दंड लावला. इटलीने तर २०१८ मध्येच अॅपलला एक कोटी आणि सॅमसंगला पन्नास लाख युरोंचा दंड ठोकला होता, सॅमसंगला गॅलेक्सी नोट ४ या फोनवर नवं अँड्रॉइड चढवायला लावून फोन मंद झाल्याबद्दल. संबंध नसतो म्हणे!

मुलाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मॅडम, आपला आयफोन नाहीये.”

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी सगळी जॉबशीटं मांडीवर पसरून वाचली तेव्हा खरा घोळ ध्यानात आला. वॉरंटी संपायला थोडेच दिवस उरले होते. आणि कागदोपत्री माझी तक्रार दर वेळी ‘ओके’ होऊन मिटलेली होती. म्हणजे वॉरंटी संपल्यावर गेले असते तर ती नवी तक्रार, आणि बॅटरी माझ्या खर्चाने. ‘फोन बंद पडतो’ हे तीन शब्द एकाही कागदावर नव्हते. तेव्हा ठरवलं, आता बॅटरी नंतर, आधी हे तीन शब्द.

पुढच्या वेळी भाच्याला सोबत नेलं. फोन मुद्दाम चाळीस टक्क्यांच्या खाली आणून. नंबर आला तशी मी काउंटरवरच पडद्याचा उजेड पूर्ण वाढवला, हॉटस्पॉट चालू केला, टॉर्च लावून व्हिडिओ सुरू केला. भाचा त्याच्या फोनवर या सगळ्याचं चित्रण करत होता, कोपऱ्यातली टक्केवारी दिसेल असं. मिनिटभरसुद्धा लागलं नाही. पडदा काळा. रांगेतल्या एका आजोबांनी “गेला!” म्हणून दाद दिली. आयुष्यात फोन बंद पडल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

मुलगा म्हणाला, “हां, असं होतं कधी कधी.”

“मग हेच लिहा.”

‘रिमार्क’ नावाचा रकाना त्या फॉर्मवर होता. पहिल्या दिवसापासून होता. “तो आम्ही भरत नाही.” मी म्हटलं, भरल्याशिवाय मी फोन देत नाही आणि खुर्चीही सोडत नाही. आतून मॅनेजर आले. त्यांना व्हिडिओ दाखवला, स्टिकरचा फोटो दाखवला, अपडेट झाल्याच्या तारखेचा स्क्रीनशॉट दाखवला. शेवटी रकाना भरला गेला: चार्ज शिल्लक असताना फोन बंद पडतो, काउंटरवर पाहिले, अपडेटनंतर सुरू. खाली सही, शिक्का, तारीख. तारीख वॉरंटीच्या आतली.

तरीही बॅटरी लगेच आली असं समजू नका. ‘पार्ट मागवलाय’ याच्या पुढे गाडी हलेना. मग १९१५ ला फोन केला, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं, सकाळी आठ ते रात्री आठ. त्यांच्या हातात दंड करायचा अधिकार नाही, पण तक्रार नोंदवून कंपनीकडे धाडतात आणि आपल्याला एक क्रमांक देतात. माझ्याकडे शिक्क्याचा कागद असल्यामुळे सगळी माहिती पटापट सांगता आली. नंतर कंपनीच्या मुख्य ऑफिसातून मलाच फोन. फार गोड आवाज. पार्ट त्याच आठवड्यात आला. तेवढ्यावर भागलं नसतं तर जिल्हा ग्राहक आयोगात जायची माझी तयारी होती. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही, आणि २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची.

मधेच राहिलं ते सांगते. डेटा पुसायला देण्याआधी व्हॉट्सॲपचा बॅकअप तर सगळेच घेतात, पण यूपीआय आणि बँकेची ॲप्स नव्याने नोंदवावी लागतात आणि त्यासाठी त्या सिमवरून एसएमएस जावा लागतो. रिचार्ज संपलेलं असेल तर तिथेच अडकाल. गुगल अकाउंटचा पासवर्डही पाठ हवा, सेटिंगमध्ये न जाता फोन पुसला गेला तर तो टाकल्याशिवाय फोन उघडत नाही. आणि पॅटर्न लॉक सांगा म्हणतात, तो सांगू नका. सॅमसंगमध्ये मेंटेनन्स मोड, पिक्सेलमध्ये रिपेअर मोड असतो, त्यात आपले फोटो-मेसेज झाकलेले राहतात. माझ्या फोनात तशी सोय नव्हती, म्हणून मी लॉक स्वतः उघडून देत होते आणि काचेपलीकडे नजर ठेवून बसत होते.

‘जुनं व्हर्जन परत टाकून द्या’ हा हट्ट धरू नका, वेळ जातो. बहुतेक कंपन्या खालच्या व्हर्जनवर परतायची वाट बंदच करतात, आणि बाहेरच्या दुकानात कोणी करून देतो म्हणाला तर बँकेची ॲप्स चालतीलच असं नाही. अपडेटच नको, हेही चूक. सिक्युरिटी पॅच त्यातूनच येतात, आणि माझ्यासारखीच्या फोनवर चार जणांच्या पैशांचे हिशेब असतात.

आणि कोणी “वर्षभर वापरल्यावर बॅटरी एवढी जाणारच” म्हणालं तर ऐकून घेऊ नका. पाचशे पूर्ण फेऱ्या (शून्य ते शंभर टक्के म्हणजे एक फेरी) चार्ज झाल्यावरही मूळच्या ८० टक्के क्षमता उरावी असं साधारण धरतात. युरोपात तर २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या फोनांना ८०० फेऱ्यांनंतर ८० टक्क्यांची सक्ती आहे. वर्षात रोज एक फेरी धरली तरी ३६५ होतात.

बॅटरी बदलून झाली तेव्हा तोच मुलगा काउंटरवर होता. नवी बॅटरी घातलेला फोन मी दहा टक्क्यांपर्यंत कॅमेरा लावून तिथेच उतरवून बघितला, तोवर त्याने तीनदा घड्याळ बघितलं. मग सही करायला शेवटचं जॉबशीट पुढे सरकवलं. त्यावर छापलं होतं: ‘बॅटरी ड्रेन, सॉफ्टवेअर अपडेट, ओके’. नव्या बॅटरीचा उल्लेखच नाही, म्हणजे उद्या ती बिघडली तर मी ती कुठून आणली हे मीच सिद्ध करायचं. मी पेन खाली ठेवलं आणि पुन्हा खुर्चीत बसले. अर्ध्या तासाने नवीन प्रिंट आली, ‘बॅटरी रिप्लेस्ड, इन वॉरंटी’ असं लिहिलेली. त्यावर सही केली.