विसाव्याची धास्ती

वारीत चालण्याचं मला काही वाटत नाही. विसावा आला की पोटात गोळा येतो.

वयाने झिजलेला गुडघा चालून दुखतो, टेकलं की निवतो. आमवाताचं उलटं. शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या अस्तरावर उठलेली असते. बसलं की सांधे आखडतात, हललं की हळूहळू सुटतात. काकड्याच्या वेळी तर मी नुसतं लाकूड. राहुटीतल्या बायकांच्या वेण्याफण्या उरकतात तरी माझी उठून बसायची खटपट चाललेली. तासभर सहज जातो. दिंडी कुणासाठी थांबत नाही, थांबूही नये. पण तेव्हा कुणी हसतमुखाने ‘उठा माउली’ म्हटलं की मस्तकात जातं.

दिवे घाटाची सगळे धास्ती घालतात. तो टाळांच्या नादात चढले. सासवड, जेजुरी, नीरा स्नान, लोणंद, सगळं एकमेकांत मिसळलंय. लख्ख आठवते ती फलटण सोडल्यानंतरची, बरडच्या अलीकडची दुपार.

आदल्या रात्री आमवातावरची आठवड्याची गोळी, मेथोट्रेक्सेट, घेतलेली, त्यामुळे मळमळत होतं. डावा गुडघा गरम, नी-कॅपमध्ये मावेना. रस्त्याकडेच्या सेवेच्या मांडवात दोन पोरांनी आग्रहाने बसवलं आणि तेल लावून तोच गुडघा रगडायला घेतला. सुजलेला सांधा रगडायचा नसतो. सेवा करणाऱ्यावर ओरडायचं तरी कसं? ओरडलेच. पोरगं गोरंमोरं झालं. वाईट वाटलं, पण पाय माझा होता.

पुढे विसावा झाला. सगळे बांधावर, झाडाखाली पसरले. मी लिंबाच्या खोडाला धरून उभी. येणारा-जाणारा सल्ला देत होता: दही सोडा, एरंडेल घ्या, आमच्या गावच्या वैद्याकडे या. डोक्यावर तुळस घेतलेली एक म्हातारी मात्र माझ्या बोटांकडे बघत होती. बोलण्यावरून परभणीकडची वाटली.

“माझ्या सासूची बोटं अशीच झालती,” ती म्हणाली. “खाली बसू नको. मग उठायला येईना तिला.”

मोरीच्या कठड्यावर तिने आपली वाकळ घडी घालून ठेवली. गुडघे फार दुमडणार नाहीत इतकी उंच बैठक झाली. पाठीला हात लावून बसवलं. डोळा लागतोय न लागतोय तोच, “हल आता.” मला धरून त्या लिंबापर्यंत नेलं, परत आणलं. पुन्हा नेलं. तिचा स्वतःचा विसावा त्यातच गेला. तुळस मात्र कुणाच्या हातात दिली नाही. ती मागच्या दिंडीतली, आमच्या ओळीत घुसलेली. आमच्या विणेकऱ्यांना ते रुचलं नव्हतं, त्यांनी दोनदा वळून पाहिलं. तिने एकदाही नाही.

त्या दिवशीच्या पुढच्या प्रत्येक विसाव्याला तेच. कठडा, पाण्याच्या टँकरची पायरी, एकदा तर उलटं घातलेलं मोठं पातेलं. जपून राहायला सांगितलं नाही, की नामाने सगळं बरं होतं असंही म्हणाली नाही. मला तेवढंच हवं होतं.

संध्याकाळी तळावर निघताना ती माझ्या पाया पडली. वारीत आपण पडतोच एकमेकांच्या. पण मला वाकता येईना. मी तिचे खांदे धरून नुसती उभी राहिले आणि गुडघ्यांची नाही, विठ्ठलाचीच चीड आली. रात्री हरिपाठाला बसले नाही. उभ्याने म्हटला.

सदाशिवनगरचं रिंगण लांबून पाहिलं. वाखरीला पाऊस.

एकादशीला सूज उतरवणारी गोळी उपाशीपोटी घेता येत नाही, म्हणून सकाळीच साबुदाण्याची खिचडी खाल्ली. एका काकूंनी नाक मुरडलं. चंद्रभागेच्या चिखलात उतरायला एका अनोळखी मुलीने हात दिला. तांब्याने पाणी ओतून घेतलं. पददर्शनाच्या रांगेत उभं राहणं शक्यच नव्हतं. कळसाला हात जोडले.

घरी फोन लावला तर पहिला प्रश्न गुडघ्यांचा. सांगितलं, डावा फुगलाय, उजवा बरा आहे, रविवारची गोळी चुकवलेली नाही, आणि डॉक्टरांची वेळ आषाढाच्या शेवटी घ्या, आत्ताच नको.