एफवायची वही आणि एसटीतला तास

राजापूर-लांज्याच्या वाड्यांतून मराठी माध्यमातली बारावी करून मुलं रत्नागिरीत एफवायला येतात आणि पहिल्याच आठवड्यात इंग्रजी लेक्चरला अडखळतात. अडचण बुद्धीची नसतेच. ऐकणं, समजणं, लिहिणं एकदम जमत नाही. मग शब्दन् शब्द उतरवला जातो आणि अर्थ निसटतो.

पान आधी आखून ठेवा. डावीकडे साधारण ६ सेंटीमीटरवर उभी रेघ, तळाला ५ ओळी मोकळ्या. वर्गात फक्त उजवीकडे लिहायचं, तुटक, मराठी मिसळली तरी चालेल. त्याच संध्याकाळी डावीकडे प्रश्न काढा, तळाला स्वतःच्या शब्दांत सारांश. (अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी ही पद्धत रुजवली.) दुसऱ्या दिवशी एसटीत उजवी बाजू झाकून उत्तरं आठवा, मग तिसऱ्या, सातव्या दिवशी. नुसतं पुन्हा वाचलं की सगळं ओळखीचं वाटतं. फसगत तिथेच होते, कारण पेपरात आठवावं लागतं.

पावसात गाडी चुकून तास बुडाला, तर मैत्रिणीच्या वहीचा फोटो पुरत नाही. तिच्याकडून मुद्दे तोंडी समजून घ्या, प्रश्न मात्र स्वतः काढा. इंग्रजी संज्ञा रोज ५, मागच्या पानावर, मराठी अर्थासकट.