पट्ट्यांचा तांबट

मेअखेरीला वाडीतल्या उंबराच्या वाळक्या फांद्या उतरवल्या. पावसात कुणाच्या डोक्यावर पडायला नकोत, म्हणून ते करावंच लागतं. पण त्यातल्या एका फांदीच्या खालच्या अंगाला तांबट पक्ष्याची ढोली होती. गुडघ्यांमुळे आई दोन वर्षं गिरगावातल्या या खोलीतून फारशी खाली उतरलेली नाही. सकाळचा चहा ती खिडकीशी बसून, त्या ढोलीकडे बघतच प्यायची. फांदी गेली त्या दिवशी ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आज टुकटुक नाही गं."

त्या फांदीचा वीतभर तुकडा मी ढिगातून उचलून आणला आणि ठरवलं, यावर कागदाचा तांबट बसवायचा. चित्र नको, हातात धरता येईल असा भरीव दिसणारा हवा.

बाबा दर दिवाळीला घरीच कंदील करायचे. कामट्या वाकवायच्या, दोन्ही टोकं बांधायची, वर कागद. दोरा धरायला मी. तेव्हा पट्ट्या वाकवून अंग करायचं हे मला ओळखीचं वाटलं. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवरून २२० जीएसएमची, म्हणजे जाडसर, कार्डशीट आणली: दोन हिरव्या छटा, फिकट पिवळा, लाल, काळा. येताना तांबाकाट्यावरून आले. भांड्यांच्या दुकानांपाशी क्षणभर थांबले. तांब्यावर हातोडी पडावी तसा ठेक्यात ओरडतो, म्हणून तर याचं नाव तांबट.

पहिली चूक लगेच झाली. बाबा बांबू उभा चिरायचे, तशा मी ए-४ कागदाच्या लांबीला धरून सेंटिमीटरभर रुंद पट्ट्या कापल्या. वाकवायला गेले की गोल वळायच्या ऐवजी त्यांना मध्येच दुमड पडायची, पापुद्रे सुटायचे. दोन संध्याकाळी वाया गेल्या. मग एक अख्खा कागद दोन्ही हातांत धरून आधी उभा, मग आडवा हलकेच वाकवून पाहिला. एका बाजूने सहज वळतो, दुसऱ्या बाजूने अडतो. कागदातही तंतू असतात आणि कारखान्यात तो तयार होताना त्यातले बरेचसे एकाच दिशेला लागतात. पट्टी तंतूंच्या दिशेने कापली तर ती ताठ राहते आणि जास्त वाकवली की मोडते. तंतूंना आडवी कापली तर छान गोल वळते. बांबूचं गणित इथे उलटं. नव्या पट्ट्या कागदाच्या रुंदीला धरून कापल्या आणि लाटण्यावरून एकेक ओढून घेतली. मऊ बाक आला आणि टिकला. कामटी सोडली की पुन्हा सरळ होऊ बघते; कार्डशीट दिलेला बाक धरून ठेवतं, हे मला फार आवडलं.

अंगासाठी १३ सेंटिमीटरच्या १२ पट्ट्या घेतल्या. टोकं एकावर एक चिकटवली तर तिथे कागदाची जाड गाठ होते, म्हणून टोकं निमुळती केली. फेव्हिकॉलने ती ओली होऊन सुरकुततच होती. आई म्हणाली, "चिकटवतेस कशाला? गजऱ्यासारखं ओव की." दोन्ही टोकांना सुईने भोक पाडलं, सगळ्या पट्ट्यांतून एकच दोरा नेला, दोन्हीकडे मणी लावला. दोरा ओढला की टोकं जवळ येतात आणि पट्ट्या बाहेर फुगतात. मग त्या बोटांनी पंख्यासारख्या पसरवायच्या. किती गुबगुबीत हवं ते दोऱ्यावर ठरतं.

आईने हातात घेऊन फिरवून पाहिलं. "अगं, हा कंदील झाला."

खरंच होतं. सगळ्या पट्ट्या सारख्या लांबीच्या असतील तर अंग चारी बाजूंनी सारखंच फुगणार. पक्ष्याला पोट हवं, पाठ हवी. म्हणून सगळं सोडवलं. पाठीच्या ७ हिरव्या पट्ट्या १३ सेंटिमीटरच्याच ठेवल्या, पोटाच्या ५ पिवळ्या दीड सेंटिमीटरने वाढवल्या. दोरा ओढला आणि पोट खाली उतरलं, पाठ चपटी झाली. बसलेला पक्षी दिसायला लागला. पिवळ्या पट्ट्यांमधल्या फटींत मी बारीक हिरव्या चिरट्या सरकवल्या. तांबटाच्या पोटावर तशाच हिरवट रेघा असतात.

डोक्यासाठी ८ सेंटिमीटरच्या ८ पट्ट्यांचा लहान गोळा केला आणि तो छोट्या नळीने अंगाला जोडला. नळी आईने काढायला लावली. "त्याला मान नाहीच. डोकं खांद्यातच." मग चोच. मी दोन काळ्या पट्ट्यांची, ओरडताना असावी तशी उघडी केली होती. तीही तिने नाकारली: तो चोच मिटूनच ओरडतो, फुगतो तो गळा. इतकी वर्षं ऐकूनही मी हे कधी पाहिलं नव्हतं. चोच मिटवली, गळ्याची पिवळी पट्टी जराशी बाहेर फुगीर ठेवली, तिच्या खाली छातीवर लाल पट्टा, कपाळावर लाल ठिपका, डोळ्याच्या वर-खाली पिवळं. चोचीच्या बुडाशी राठ केस असतात, ते काळ्या दोऱ्याला फेव्हिकॉल लावून, वाळवून केले. शेपूट तोकडी, तीन सेंटिमीटरची. पाय लाल, दोन बोटं पुढे आणि दोन मागे. पायांसाठी मात्र पट्ट्या तंतूंच्या दिशेनेच कापल्या, कारण तिथे ताठपणा हवा.

तेवढ्यात पाऊस लागला आणि उरलेले कागद सादळले. सादळलेल्या पट्टीला बाक द्यावा तर ती लोळागोळा होते. आता कार्डशीट पापडाच्या डब्यात असतं, पापड दुसऱ्या डब्यात गेले.

वाळक्या तुकड्यावर बसवलेला तांबट काचेच्या कपाटात ठेवला, खिडकीत ठेवला तर महिनाभरात मान टाकेल म्हणून. आईने बराच वेळ पाहिलं. "तोंड खिडकीकडे कर त्याचं," म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "एकटाच केलास?"

नर-मादी दिसायला सारखीच असतात, तेव्हा मापं तीच. पट्ट्या मी कापते, टोकं आई निमुळती करते आणि पोटाच्या वेगळ्या, पाठीच्या वेगळ्या अशा जुड्या बांधून डब्यात ठेवते.