टपाल राहतं कुठे?

सायबर कॅफेच्या काळात काढलेलं याहूचं एक, नोकरीच्या अर्जांसाठी जीमेलचं दुसरं, ऑफिसचं तिसरं आणि सोसायटीच्या कमिटीवर गेल्यावर गळ्यात पडलेलं चौथं. मेलची खाती अशीच साठत जातात, ठरवून कुणी जमवत नाही. मग ब्राउझरमध्ये चार टॅब, चार लॉगिन, आणि त्यातल्या एकाचा पासवर्ड हमखास आठवत नाही. अशांनी थंडरबर्डसारखा मेल वाचण्या-पाठवण्याचा प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर टाकून घ्यावा. फुकट आहे, त्याची १.० ही पहिली पक्की आवृत्ती २००४ साली आली आणि तो अजून चालू आहे. चारही इनबॉक्स डावीकडे एकाखाली एक उभे राहतात. ‘युनिफाइड फोल्डर्स’ निवडलं, की चारांचा मिळून एक.

खातं जोडणं सोपं असतं. नाव, पत्ता आणि पासवर्ड दिला, की मेल कंपनीच्या सर्व्हरची नावं आणि पोर्ट, म्हणजे त्यांच्या दारांचे नंबर, तो बहुतेक वेळा स्वतःच शोधतो. मध्येच एक प्रश्न येतो, आयमॅप की पॉप, आणि लोक तो न वाचता पुढे जातात. खरं तर सगळा कारभार त्या प्रश्नावर ठरतो.

आयमॅप म्हणजे आरसा. टपाल सर्व्हरवर राहतं, इथे दिसतं ते त्याचं प्रतिबिंब. इथे वाचलेला मेल फोनवरही वाचलेला दिसतो, इथे फोल्डर केलं की तिथेही होतं. आणि इथे उडवलं की तिथूनही उडतं. मेल कॉम्प्युटरवर उतरलेले दिसतात म्हणून त्याला बॅकअप समजणारे पुष्कळ आहेत. तो बॅकअप नव्हे. पॉपची रीत जुनी: टपाल उचलून घरी आणायचं. पण तो फक्त इनबॉक्स आणतो, सेंट आणि बाकीची फोल्डर तिथेच राहतात. शिवाय सर्व्हरवर प्रत ठेवायची की नाही, हे सेटिंगमध्ये वेगळं सांगावं लागतं. थंडरबर्डमध्ये त्याच्याखालीच ‘जास्तीत जास्त १४ दिवस’ अशी खूण असते. ती तशीच राहू दिली, तर पंधरवड्यानंतर फोनवरून जुने मेल गायब होऊ लागतात आणि खातं हॅक झालं अशी घरात आवई उठते. रोजच्या वापराला आयमॅपच घ्यावा.

दुसरी अडचण पासवर्डची. बरोबर पासवर्ड देऊनही सर्व्हर नाही म्हणतो. गूगलने ३० मे २०२२पासून वैयक्तिक खात्यांना नुसत्या पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रॅममधून आत येणं बंद केलं. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक डॉट कॉमनेही सप्टेंबर २०२४मध्ये तेच केलं. म्हणून खात्याच्या सर्व्हर सेटिंगमध्ये ऑथेंटिकेशनची, म्हणजे ओळख पटवण्याची, पद्धत ‘ओऑथ२’ निवडायची; यात पासवर्ड प्रोग्रॅमला न देता कंपनीच्याच पानावर द्यायचा असतो. छोटी खिडकी उघडते, नेहमीसारखं लॉगिन करून परवानगी द्यायची. खिडकी कोरीच राहिली तर थंडरबर्डमधल्या कुकीज बंद आहेत का ते आधी पाहावं. ज्या जुन्या प्रोग्रॅमला हे जमत नाही, त्याच्यासाठी गूगल १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड देतं, मात्र टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी खात्री, चालू असेल तरच. आणि खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला, की हे ॲप पासवर्ड रद्द होतात. काल चालणारा मेल आज अडतो तो अनेकदा याच कारणाने.

मेल येतात पण जात नाहीत, ही तक्रार वेगळी. आयमॅपमध्ये येण्याची वाट ९९३ पोर्टवरून, जाण्याची ४६५ किंवा ५८७वरून. दोन्हींची सेटिंग वेगळी, सेव्ह केलेले पासवर्डही वेगळे. एक बदलला म्हणजे दुसरा बदलत नाही. अटॅचमेंटचंही एक गणित आहे. जीमेलची मर्यादा २५ एमबी, पण मेलमधून जाताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते. त्यामुळे वीस एमबीची पीडीएफ परत आली तर मर्यादा खोटी ठरत नाही.

जीमेलचा आणखी एक स्वभाव माहीत असावा. त्याच्याकडे फोल्डर नसतात, लेबलं असतात. तीन लेबलं लावलेला एकच मेल थंडरबर्डला तीन फोल्डरांत दिसतो, शिवाय ‘ऑल मेल’मध्ये चौथ्यांदा. जीमेलच्या वेब सेटिंगमध्ये लेबल्सखाली ‘ऑल मेल’समोरची ‘शो इन आयमॅप’ची खूण काढली, की डिस्कवरचा हा भार पुष्कळ हलका होतो.

जुनी मराठी पत्रं उघडली की भलतीच नक्षी दिसते. जवळून पाहिलं तर ती सारखी असते: डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, त्याला चिकटून चार पाय फुटलेलं छोटं वर्तुळ, मग काहीतरी तिसरंच, आणि पुन्हा ए. यूटीएफ-८ या युनिकोड अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं आणि पहिला बाइट नेहमी एकच. प्रोग्रॅम ते तीन बाइट तीन रोमन अक्षरं समजून दाखवतो. व्ह्यू मेनूतलं ‘रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग’ दाबलं की बहुतेक वेळा पत्र सुधारतं. पत्र युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात लिहिलेलं असेल तर मात्र हे बटण हात टेकतं. तिथे तो फॉन्ट किंवा कन्व्हर्टरच लागतो.

राहता राहिली जागा. गूगलचे फुकटचे १५ जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असतात. ते भरत आले की जुनी वर्षं ‘लोकल फोल्डर्स’मध्ये आणावीत; ती मात्र खरोखर आपल्या डिस्कवर राहतात. इथे ‘मूव्ह’ करू नये, ‘कॉपी’ करावी. जीमेलच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये इनबॉक्समधून मूव्ह केलेला मेल तिथे नुसता आर्काइव्ह होतो, जागा अडवून बसतोच. कॉपी झाल्यावर थंडरबर्ड बंद करून त्याचं प्रोफाइल फोल्डर, ज्यात त्याचे मेल आणि सेटिंग असतात, बाहेरच्या डिस्कवर उतरवावं. ते फोल्डर कुठे आहे हे हेल्पमधल्या ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’मध्ये सापडतं. मग नेट बंद करून आणलेल्या वर्षातला एखादा अटॅचमेंटवाला मेल उघडून बघावा. नीट उघडला, तर सर्व्हरवरचं ते वर्ष डिलीट करावं आणि लगेच ट्रॅशही रिकामा करावा. नाहीतर ते सगळं ३० दिवस तिथेच पडून राहतं आणि ‘जागा संपत आली’ची लाल पट्टी काही हटत नाही.