डिकीत क्रँक घेऊन स्ट्राकोनित्सेला

शनिवारी पहाटे साडेपाचला म्युनिकहून निघालो तेव्हा डिकीत तीन गाठोडी होती. एका जुन्या मोटरसायकलच्या इंजिनाचा क्रँक, सिलिंडर आणि ओरखडे पडलेला पिस्टन, तिन्ही जुन्या टॉवेलांत गुंडाळलेली. बायकोने खिडकीतून विचारलं, "बारशाला चाललायस का?"

गेल्या हिवाळ्यात लँड्सहूटजवळच्या एका गोठ्यात मला 1972 ची चेझेट 250 मोटोक्रॉस मिळाली. शवपेटीच्या आकाराची अ‍ॅल्युमिनियमची टाकी, उंदरांनी खाल्लेली सीट आणि जाम इंजिन. ती दुरुस्त करून जुन्या गाड्यांच्या शर्यतीत उतरवायची, असं मी त्याच दिवशी ठरवून टाकलं. मी मिरजेचा. बाबांच्या येझदीवर मागे बसून लहानाचा मोठा झालो. म्हैसूरच्या कारखान्यात 1961 पासून आधी जावा आणि पुढे येझदी बनली, आणि जावा-चेझेट ही तर समाजवादी चेकोस्लोव्हाकियातली एकाच दावणीची जोडी. म्हणजे ही आपली चुलतबहीणच. स्वभाव मात्र वेगळा. बाबांच्या जुन्या येझदीचा बोअर-स्ट्रोक, म्हणजे सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव, 65 बाय 75 मिलिमीटर, हिचा 70 बाय 64. ती डबलसीट, पिशव्यांसकट चढ ओढणारी. हिला फक्त किंचाळायचं असतं.

ए-92 ने डेगेनडॉर्फ, मग पासाऊ, तिथून बी-12 ने फ्रायुंग. फिलिप्सरॉइटला चेक सीमा केव्हा ओलांडली ते फक्त पाट्यांवरच्या अक्षरांवरून कळलं. स्त्राझ्नीपासून विम्पेर्कपर्यंत शुमावाचं जंगल. स्प्रूसची काळपट झाडी आणि त्यात अडकलेलं धुकं. वळणं आंबोलीची आठवण देणारी, फक्त भजी नाहीत.

स्ट्राकोनित्से हे चेझेटचं माहेर. ज्यांच्याकडे इंजिन नेत होतो ते मिस्त्रीबुवा एकेकाळी चेझेटच्याच कारखान्यात होते, आता घरामागच्या शेडमध्ये काम करतात. चेक भाषेत माणसाला आदराने हाक मारायची तर 'पाने' म्हणतात. भिंतीवर दहापासून बत्तीसपर्यंतचे पाने ओळीने टांगलेले आणि मी समोरच्या वृद्धाला "पाने, पाने" करतोय, याचं हसू मला एकट्यालाच येत होतं. त्यांचं जर्मन कामापुरतं, माझं चेक तेवढंही नाही.

मी सुधारणांची यादी नेली होती: रीड व्हॉल्व्ह (इंजिनात शिरणारं मिश्रण मागे न जाऊ देणारी पट्टीची झडप), मोठे पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतले झरोके), जास्त खालीवर होणारे शॉकअप, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, मिकुनी कार्ब्युरेटर. त्यांनी सुताराची पेन्सिल काढून पहिल्या तिन्हींवर काट मारली. शॉकअपचं मलाच कळायला हवं होतं, कारण शर्यतीतल्या माझ्या वर्गात नियमाने चाकाची खालीवर हालचाल जुन्याइतकीच चालते. मग पिस्टन उजेडात धरला. एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे. बोटाने ते दाखवून त्यांनी थेट क्रँकचं इग्निशनकडचं ऑइल सील उचललं आणि नखाने मोडलं. बिस्किटासारखा तुकडा पडला. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे क्रँकभोवतीचा बंद डबा, हाच पंप. सील गळलं की बाहेरची हवा आत घुसते, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापून फुगतो आणि बोअरला धरतो. मी पोर्ट मोठे करायच्या गोष्टी करत होतो आणि गाडीला धड श्वास कोंडता येत नव्हता.

क्रँकचं काम मी मान वाकडी होईपर्यंत पाहिलं. कॉन-रॉड किट नवं, प्रेसवर बसवलेलं. मग क्रँक दोन टोकांत धरून फिरवायचा, तो किती वाकडा फिरतो ते दाखवणाऱ्या डायल गेजचा काटा बघायचा, आणि तांब्याच्या हातोडीने एक टोला. पुन्हा फिरवायचा. काटा मिलिमीटरच्या दोन शतांशांवर येईपर्यंत नऊ टोले. एकदाही दुसरा टोला घाईने नाही.

बोअर मारायला, म्हणजे सिलिंडर आतून कापून सारखा करायला, घेताना त्यांनी मला तीन तास बाहेर काढलं. ओताव्हा आणि व्होलिन्का नद्यांच्या संगमावर किल्ला आहे, त्यातल्या संग्रहालयात मोटरसायकलींचं दालन. जोएल रोबेरने 1964 मध्ये चेझेटवर 250 सीसीचं पहिलं जगज्जेतेपद घेतलं, पाउल फ्रीडरिक्सने 1966 ते 68 सलग तीनदा 500 चं. याच गावात फेझ, म्हणजे गोंडेवाल्या तुर्की टोप्याही बनत, तुर्कस्तानात जात. इथली दुडाक बिअर फक्त पाहून घेतली. चेक कायद्यात चालकाला थेंबही चालत नाही.

परतलो तर मिस्त्रीबुवा सिलिंडरच्या आत बारीक कानस फिरवत होते. बोअर मारल्यावर पोर्टच्या कडा धारदार राहतात, त्या हाताने मोडाव्या लागतात, नाहीतर पिस्टनची रिंग अडकून तुटते. रिंगची फट फीलरच्या पातळ पट्टीने मोजली: 0.3 मिलिमीटर.

कॉफीवर चेझेटच्या फाल्टाचा विषय निघणारच होता. 1974, स्वित्झर्लंडमधलं व्होलेन, 250 सीसीच्या जगज्जेतेपदाची शेवटची शर्यत. सोव्हिएत स्वार आडवे आले, धडकेत यारोस्लाव फाल्टा पडला, उठून पुन्हा झुंजला. नंतर सुरुवातीला वेळेआधी सुटल्याचा ठपका ठेवून एक मिनिटाचा दंड झाला आणि विजेतेपद केटीएमवरच्या मोइसेयेवला गेलं. म्हातारा हे सांगताना जर्मन सोडून चेकमध्ये शिरला. मला एकही वाक्य कळलं नाही, आणि मध्ये थांबवावंसंही वाटलं नाही.

पुढच्या रविवारी इंजिन जोडलं. पेट्रोलमध्ये एरंडेलवालं रेसिंग ऑइल घातलं. सहाव्या किकला गाडी पेटली. तो वास, ती किंचाळी, वरच्या मजल्यावर धाडकन बंद झालेली खिडकी! आवाज रेकॉर्ड करून मिरजेला बाबांना पाठवला.

उत्तर दोन तासांनी आलं. "मधे फोर-स्ट्रोक करतेय, एक फेरी सोडून पेटतेय. पेट्रोलचा मेन जेट मोठा आहे. प्लग काढून फोटो पाठव."